अख्ख्या गावाचा एकच ईमेल

मी वीस वर्षं लोकांना कम्प्युटर शिकवला, असं आमच्या भागात म्हणतात. कुणी तोंडावर म्हटलं की मी मान खाली घालतो आणि लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला! खरं विचाराल तर त्या विसातली निम्मी वर्षं मी दोनच शब्द वापरले: "सरक जरा." समोरचा माणूस माउस दोन्ही हातांनी धरून बसलेला, बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन दडलेला, मागे चार जण रांगेत, आणि लाइन कधी जाईल त्याचा नेम नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मग सरक जरा, टकटक टकटक, झालं काम. तो खूश, मी खूश. त्याचं शिकणं तेवढं राहून जायचं, आणि त्याचं कुणालाच काही वाटायचं नाही.

भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच साली मी बारावी झालो. गोंदियात राहून कम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि गावी परत आलो. आमचं गाव अर्जुनी मोरगाववरून केशोरीकडे जाताना लागतं. एसटी थांबते त्या चौकात आमच्या घरची एक रिकामी खोली होती, आधी तिथं धानाची चुंगडी, म्हणजे पोती, ठेवायचे. तिथं मी दोन कम्प्युटर मांडले. आईनं जुन्या लुगड्याची झाकणं शिवून दिली. पोरं चपला बाहेर काढून आत यायची. कम्प्युटरला धूळ चालत नाही, एवढंच मी सांगितलं होतं, पण बायका दारातून वाकून नमस्कारही करायच्या. दसऱ्याला तर कीबोर्डवर हळदकुंकू पडलं, त्यानंतर त्याचं एक अक्षर कायमचं रुसलं. मी हसायचो. त्या नमस्काराचा काही भाग आपल्यालाही पोचतो, हे मात्र कळत होतं.

सरकारी नोकरीला कम्प्युटरचं सर्टिफिकेट लागायला लागलं तेव्हा क्लास भरून वाहू लागला. पुढे दाखले, अर्ज, शिष्यवृत्त्या असं सगळंच ऑनलाइन व्हायला लागलं, आणि माझ्या क्लासच्या दारावर सरकारी सेवा केंद्राची पाटी लागली. नेट यायचं ते काडीएवढ्या यंत्रातून. त्याला रेंज फक्त खिडकीच्या वरच्या गजाशी मिळायची, म्हणून ते तिथं सुतळीनं बांधलेलं असायचं. पाऊस आला की आधी कपडे नाही, ती काडी आत घ्यायची.

मग अर्जांमध्ये ईमेल विचारायला लागले.

सुरुवातीला मी इमानदारीत एकेकाचा वेगळा ईमेल काढून दिला. पासवर्ड त्यांना ठेवायला सांगितला. आमच्याकडे गुपित ठेवायची पद्धत वेगळी आहे. माणूस पासवर्ड टाकताना तो मोठ्यानं म्हणायचा, रांगेतले चार जण तो दुरुस्त करायचे, आणि निम्म्या लोकांनी तलावाचंच नाव ठेवलेलं असायचं. तरीही महिन्याभरानं तोच माणूस यायचा आणि म्हणायचा, "सर, ते का होतं जी, आपलं ते?" एकानं तर पासवर्ड घरातल्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला होता. दिवाळीला घर सारवलं, पासवर्ड गेला. मला म्हणतो, "मायी बायको ऐकत नाई जी, कोपरान् कोपरा सारवते."

वैतागून मी एक दिवस ठरवलं, हे सगळं बंद. ईमेलच्या रकान्यात माझा ईमेल, मोबाइलच्या रकान्यात माझा मोबाइल. कुणाचंही काहीही आलं तरी माझ्याकडे येईल, मी सांगेन. लोकांना तर हायसं वाटलं. अख्ख्या गावाचा एकच ईमेल झाला. शेजारच्या दोन गावांचाही. बुधवारी बाजार भरायचा, तेव्हा भाजीच्या पिशव्या घेऊन लोक केंद्रासमोर उभे राहायचे. "माया काई आला का जी?" मी पडद्याकडे बघून सांगायचो, तुझं आलं, तुझं नाही, तू पुढच्या बुधवारी ये.

गोंदियाहून कम्प्युटर दुरुस्तीला यायचा तो एकदा माझा इनबॉक्स बघून डोक्याला हात लावून बसला. "भैया, सबका एकही में? मरोगे एक दिन." मी म्हटलं, अरे, गावाला एक तलाव पुरतो, तर एक ईमेल का पुरणार नाही? तो हसला. मीही हसलो. स्वतःच्याच बोलण्यावर मी फार खूश होतो तेव्हा.

तलावाची गोष्ट निघालीच आहे तर सांगून टाकतो. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला, असं आमच्या घरात दर पोराला सांगितलं जातं. तलावाच्या पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दार असतं, त्याला तुडूम म्हणतात. तुडूम कधी उघडायचं, कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी पाणी जाऊ द्यायचं, हे जुन्या काळी आमच्या ओसरीवर ठरायचं. पाण्याची वाटणी करणारा पाणकर यायचा, विचारायचा, जायचा. माझ्या काळात त्यातलं फारसं उरलं नव्हतं. पण लोकांनी यावं, पायरीखाली उभं राहावं आणि विचारावं, याची सवय रक्तात राहते. बुधवारची ती रांग मला आवडायची. खोटं कशाला बोलू.

जिची ही गोष्ट आहे ती मुलगी क्लासला आली तेव्हा नुकतीच बारावी झाली होती. तलावाच्या खालच्या अंगाला बौद्ध वस्ती आहे, तिथली. तिची आई रोवण्याला आमच्याच बांधीत यायची, आणि तीही शाळेला सुट्टी असली की आईच्या शेजारी वाकून धान रोवायची. रोवणारे हात फार चपळ असतात. तिच्या बोटांत तो वेग होता, की तिचा स्वतःचाच होता, कोण जाणे. तीन आठवड्यांत ती कीबोर्डकडे न बघता मराठी टाइप करायला लागली. मी स्वतः आजही दोन बोटांनी करतो. एकदा मी सवयीनं "सरक जरा" म्हटलं, तर ती जागची हलली नाही. म्हणाली, "थांबा ना सर, मले करू द्या." वर्गातली पोरं माझ्याकडे बघायला लागली. मला राग आला होता, हे मला स्पष्ट आठवतं. पण तिनं ते केलं, आणि माझ्यापेक्षा लवकर केलं.

विहाराच्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती. ती संध्याकाळी तिथं बसून अभ्यास करायची आणि अडलं की दुसऱ्या दिवशी मला विचारायची. मला बऱ्याचदा येत नसायचं. मी म्हणायचो, ते परीक्षेत विचारत नाहीत.

दोन हजार अकराच्या आसपास जिल्ह्यातल्या एका कार्यालयात लिपिकांची भरती निघाली. बारावी पास, कम्प्युटरचं सर्टिफिकेट, मराठी टायपिंग. जणू तिचीच मापं घेऊन जाहिरात काढली होती. गावातून त्या भरतीचा अर्ज करणारी ती एकटीच. घरी बोलणी चालली होती, पाहुणे बघून जात होते. तिनं वडलांकडून कबूल करून घेतलं होतं की या परीक्षेचं काय ते होईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. हे तिनंच मला सांगितलं, फोटो काढताना. फोटो मी कम्प्युटरवरच्या छोट्या कॅमेऱ्यातून काढला. तिनं हात ओला करून केस बसवले आणि श्वास रोखून धरला, त्यामुळे फोटोत ती जरा घाबरल्यासारखी दिसते.

अर्ज तिनं स्वतः भरला. मी फक्त मागे उभा होतो. ईमेलच्या रकान्याशी ती थांबली.

"सर, माया वेगळा काढून द्या ना ईमेल."

"कायले पाहिजे तुले वेगळा?" मी म्हटलं. "उघडशील कोठी? तुयाकडं कम्प्युटर हाय का मोबाइल हाय? माया टाक. आला का सांगतो."

"मी इथंच येऊन उघडीन. मले येते ना सर."

तिला येत होतं. गावात माझ्यानंतर जर कुणाला येत असेल तर तिलाच. पण माझ्या मागे रांग होती, नेट जात-येत होतं, आणि ती पुन्हा एकदा मला "करू द्या" म्हणत होती. मी म्हटलं, "सरक जरा." या वेळी ती सरकली. मी माझा ईमेल टाकला, माझा नंबर टाकला, आणि अर्ज पाठवून दिला. तिनं प्रिंट घेतली, घडी करून ओढणीच्या टोकात बांधली आणि गेली.

दिवाळीनंतर आमच्याकडे मंडया सुरू होतात. गावोगाव जत्रेसारखी मंडई भरते, नातेवाईक येतात आणि नाटक होतं. त्या साली आमच्या गावच्या मंडळाचा मी कार्यवाह होतो आणि नाटकात मला वकिलाचं कामही होतं. दोन आठवडे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मंडप, नट्यांची राहायची सोय, पाठ होत नसलेला तो कोर्टातला लांबलचक संवाद. केंद्र मी उघडायचो, पण नावापुरतं. मेल बघणं राहून जात होतं. मोबाइलमध्ये मेसेज यायचे, त्यात कंपन्यांच्या रिचार्जच्या जाहिराती इतक्या असायच्या की मी मेसेज उघडायचंच सोडलं होतं.

मंडईच्या आधीच्या बुधवारी ती आली. मी खोलीत एकटाच होतो, कागद हातात घेऊन वकिलाचा संवाद म्हणत होतो. कम्प्युटर बंद होता. झाकणही काढलेलं नव्हतं.

"सर, माया काई आला का?"

"नाई, काई नाई आला," मी म्हटलं. कागदावरून नजरही न उचलता.

तिनं बंद कम्प्युटरकडे बघितलं का, ते मला माहीत नाही. बघितलं असेल तरी माझ्यावर तिचा विश्वास असणार, की सरांनी सकाळीच पाहिलं असेल. ती "बरं" म्हणून गेली. एवढंच झालं. मी पुन्हा संवाद म्हणायला लागलो. शुक्रवारी मंडई झाली, नाटक झालं, माझ्या वकिलाला टाळ्या पडल्या. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

सोमवारी मी कम्प्युटर उघडला. इनबॉक्स तुंबला होता. खाली खाली जात होतो, आणि तिचं नाव दिसलं. हॉल तिकीट येऊन दहा दिवस झाले होते. मी बुधवारी "काई नाई आला" म्हटलं, तेव्हा ते तिथंच पडून होतं, माझ्यापासून हातभर अंतरावर. परीक्षा गोंदियाला, रविवारी, सकाळी अकराला. म्हणजे आदल्या दिवशी.

मी घड्याळाकडे बघितलं. का, ते विचारू नका. जणू अजून काही हालचाल करता येणार होती. मग मी त्या हॉल तिकिटाची प्रिंट काढली. ती कशासाठी काढली, हेही मला आजवर सांगता आलेलं नाही. यंत्रातून आधी तिचं नाव आलं, मग नंबर, मग तो श्वास रोखलेला फोटो. मी ती प्रिंट घडी करून टेबलाच्या खणात, जुन्या पावत्यांच्या खाली ठेवली.

दोन रात्री मला झोप नाही. तिला सांगायचं, हे मी ठरवलं होतं. घरी जाऊन सांगावं, की इथं आल्यावर? आईसमोर की एकटीला? वाक्यं जुळवत होतो. वकिलाचा संवाद जसा पाठ केला, तसा हाही केला. बुधवारी ती आली तेव्हा पायरीवर सात-आठ जण होते. त्यात आमच्या भावकीतले दोघं, ज्यांनी मंडईत माझी पाठ थोपटली होती. तिनं मागूनच विचारलं, "सर, माया?"

माझ्या तोंडून निघालं, "छाननीत राहून गेला वाटते तुया अर्ज."

ती थोडी पुढे आली. आवाज खाली आणून म्हणाली, "मार्कं कमी पडले असतीन का सर?"

तिला बारावीला चांगले मार्क होते. मला ठाऊक होते, अर्ज माझ्या डोळ्यांसमोर भरला होता. मी म्हटलं, "असन."

असन, म्हणजे असेल. मी काही नक्की सांगितलं नव्हतं, अशी मी पुढे कितीतरी दिवस स्वतःची समजूत घालत होतो. माणूस स्वतःला वाचवायला काय काय शोधून काढतो! ती पायरी उतरली, भाजीबाजारातून गेली. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. केशोरीच्या पलीकडच्या एका गावात दिली. लग्नाची पत्रिका माझ्याच केंद्रात टाइप झाली. तिचा भाऊ मजकूर घेऊन आला होता, आणि मी तो दोन बोटांनी टाइप करून दिला.

यानंतर मी सुधारलो, असं वाचणाऱ्याला वाटत असेल. लगेच नाही सुधारलो. उलट मधल्या काळात आणखी खाली गेलो. खेड्यातल्या लोकांना डिजिटल साक्षर करायची मोहीम आली, त्यात म्हाताऱ्या माणसांचीही ऑनलाइन परीक्षा असायची. म्हातारा खुर्चीवर बसायचा, कॅमेऱ्यात त्याचा चेहरा दिसायचा, आणि बाजूला उकिडवा बसून बटणं मी दाबायचो. सर्टिफिकेट त्याच्या नावाचं. तो ते फ्रेम करून भिंतीवर लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी नातवाचा दाखला काढायला माझ्यासमोर उभा. वरून तपासायला आलेल्या साहेबांनी माझ्या केंद्राचं कौतुक केलं. मला हारही घातला. हार गळ्यात असताना माझं सगळं लक्ष टेबलाच्या खणाकडे होतं.

बदल झाला तो हळूहळू, आणि तो माझ्या चांगुलपणामुळे नाही. भीतीमुळे झाला. रोज सकाळी मेल उघडताना मी आधी तारखा बघायचो, आज कुणाचं राहिलं असेल? एका सकाळी मला ते सहनच होईना. मी एक वही घेतली, आणि ज्यांचे ज्यांचे अर्ज माझ्या ईमेलवर होते त्यांना एकेक करून बोलावलं. तोवर घरोघरी मोबाइल आले होते. प्रत्येकाच्या मोबाइलवर त्याचा स्वतःचा ईमेल, त्याच्याच बोटांनी. दिवसभरात चार माणसं व्हायची. बायकोनं विचारलं, "एवढा सब्र कोठून आला तुमच्यात?" हात आपोआप माउसकडे जायचा, म्हणून मी शिकवताना दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहायला लागलो. बचत गटांच्या बायका त्यावरून माझी नक्कल करायच्या.

त्या बायकांच्या शिबिरात मी एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायचो. पासवर्ड टाकताना शेजारच्याला म्हणायचं, तिकडं पाहा. नवरा असो, मुलगा असो, शिकवणारा सर असो. मलाही म्हणायचं. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. "तुमच्यापासून कायले लपवाचं जी? तुमी का परके हाव?" पासवर्ड टाकायची वेळ आली की मीच मान वळवायचो. त्या मात्र मोठ्यानं म्हणतच टाकायच्या. पहिल्या काही वर्षांत एकाही बाईनं मला तिकडं पाहा म्हटलं नाही. आमच्याकडे तो उद्धटपणा समजतात, आणि ती समजूत पक्की करण्यात माझा हात मोठा होता.

तिच्या लग्नानंतर सात-आठ वर्षांनी अशाच एका शिबिराला ती आली. सासरच्या गावच्या गटानं मोबाइलचं काम बघायला म्हणून तिला पाठवलं होतं. मी यादी वाचताना तिचं नाव आलं, आणि मी पुढची तीन नावं चुकीची वाचली. ती मागच्या ओळीत बसली होती. अंगानं थोडी भरली होती, बोटांना काम करून भेगा पडल्या होत्या. मला नमस्कार केला, अगदी पूर्वीसारखा. "सर, वरखलं का?" मी तर यादी वाचतानाच ओळखलं होतं.

दुपारी टायपिंगचा सराव होता. बाकीच्या बायका एकेक अक्षर शोधत होत्या. तिनं कीबोर्डवर हात ठेवले, जरा चाचपडली, आणि मग बोटं धावायला लागली. आजूबाजूच्या बायका उठून तिच्यामागे जमल्या. "बापा! हे कोठी शिकली व तू?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. "सरांनी शिकवलं."

ते मला सोसलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी उभा राहू शकलो असतो.

चहाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या. ती नवा ईमेल काढायला म्हणून कम्प्युटरपाशीच बसून होती. मी खण उघडला. जुन्या पावत्यांच्या खालून तो कागद काढला आणि तिच्यासमोर ठेवला. वर्षं गेली होती, पण घडीवर शाई जराशी उडाली होती एवढंच.

तिनं आधी फोटो बघितला. थोडं हसली. मग वरची तारीख वाचली, खालचा नंबर वाचला, परीक्षेचं ठिकाण वाचलं. हसू गेलं.

"हे कवा आलं होतं?"

मी सगळं सांगितलं. मंडई, नाटक, बंद कम्प्युटर. पाठ केलेलं एकही वाक्य आठवलं नाही. जसं आलं तसं सांगितलं. ती कागदावर बोट ठेवून ऐकत होती, हिशेब लावल्यासारखी.

"तुमी कवा पाहिलं?"

"सोमवारी. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी."

"अना मी बुधवारी आली होती."

"हो."

"मी इचारलं होतं, मार्कं कमी पडले असतीन का. तुमी असन मनले."

मी मान हलवली, हो म्हणून.

"परीक्षा चुकली तं चुकली जी," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "मंडईत ध्यान राहत नाई मानसाचं. मले तवाच सांगतलं असतं तं रडली असती, तुमाले चार शब्द बोलली असती, अना पुढच्या साली दुसरा फारम भरला असता. मले वाटलं, आपली लायकीच नाई. विहारातली पुस्तकं मी दुसऱ्याच दिवशी वापस केली. पुढच्या साली हेच भरती पुन्हा निघाली होती, माईत हाय? मी फारम भरला नाई. बाबा मने भर, नवरा बी मने भर. मी मनलं, छाननीतच निंगत नाई माया नाव, कायले भराचा?"

मला त्या दुसऱ्या भरतीचं ठाऊक होतं. त्या साली गावातल्या दोघांचे अर्ज मीच भरले होते. तिला निरोप पाठवावा, असं एकदा मनातही आलं होतं. पण निरोप पाठवला तर मागचं विचारेल, म्हणून नाही पाठवला. हे मात्र मी तिला सांगितलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

बाहेरून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. तिनं कागदाची घडी केली, जुन्याच घडीवर. मग खुर्ची पुढे ओढली आणि पडद्याकडे वळली. नवा ईमेल काढायचं पान तिथं उघडंच होतं. नाव टाकलं, आडनाव टाकलं, स्वतःचा मोबाइल नंबर टाकला. पासवर्डच्या रकान्याशी येऊन तिचे हात थांबले.

"सर," ती म्हणाली, "तिकडं पाहा."

मी भिंतीकडे तोंड केलं. दोन्ही हात पाठीमागे. मागे टकटक सुरू झाली, भराभर, एकदाही न थांबता, मग पुन्हा एकदा तीच, पक्कं करण्यासाठी. मग शांत झालं. झालं असं ती म्हणेल, मग वळायचं, म्हणून मी उभा राहिलो. भिंतीवर माझ्या सत्काराचा, हार घातलेला फोटो होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि तिच्या आवाजाची वाट बघत राहिलो.

चहा पिऊन बायका आत आल्या. त्यातली एक म्हणाली, "सर, भिंतीकडं पाहून का करून राहिले जी?"

मी म्हटलं, "हिचं होऊ दे आधी."

"कोनाचं? ते तं गेली जी कवाचीच. एसटीत बसतानी दिसली ना आमाले."

मी वळलो. खुर्ची आत सारलेली होती. कम्प्युटरवर झाकण घातलं होतं; उचलून बघितलं तर ती ईमेलमधून बाहेर पडली होती, पान बंद केलं होतं, सगळं मी शिकवलं होतं तसं. हॉल तिकीट टेबलावर नव्हतं.